दोन मुलांमध्ये डावे-उजवे न करता घरातला पैसा आणि वेळ कसा वाटावा?

उंबरठा यांचा प्रश्न

नमस्कार. गेले काही महिने मनात घोळत असलेली गोष्ट जरा सविस्तर मांडते आहे. आम्हाला दोन मुले आहेत. थोरली मुलगी नऊ वर्षांची आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा. मुलीच्या वेळी सगळे वेळेवर आणि सुरळीत पार पडले. मुलगा मात्र बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला, तेव्हा त्याचे वजन १,६०० ग्रॅम होते आणि पहिले पाच आठवडे त्याला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. पुढची दोन वर्षे वारंवार होणारा छातीचा संसर्ग, फिजिओथेरपी, डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासण्या यांतच गेली. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक त्या पाच आठवड्यांतच संपली. आज तो धावतो, भरभरून बोलतो. वयाच्या मानाने वजन अजून कमी आहे, पण डॉक्टर समाधानी आहेत.

गेल्या महिन्यात मुलीच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली. मुलगी फळ्यावरचे काहीही थेट उतरवत नाही, शेजारच्या मुलीच्या वहीत पाहून लिहिते, असे त्यात लिहिले होते. डोळे तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे दोनच्या वर निघाला. कधीपासून अंधूक दिसते, असे नेत्रतज्ज्ञांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दुसरीपासून." आता ती चौथीत आहे. घरी आल्यावर मी तिला विचारले, की मग तू आम्हाला सांगितले का नाहीस. तिने अगदी साध्या सुरात उत्तर दिले, "तुम्ही नेहमी दवाखान्यातून नुकतेच आलेले असायचात."

त्या रात्री मी दोघांचेही कागद काढून बसले. मुलाची फाइल इतकी जाड झाली आहे, की तिला दोरा बांधावा लागतो. मुलीचे लसीकरणाचे कार्ड तिच्या बाळपणापर्यंत शिस्तीने भरलेले आहे, आणि पाचव्या वर्षी द्यायच्या बूस्टर डोसाचा रकाना कोरा आहे. मुलगा अतिदक्षता कक्षात होता तेच ते दिवस.

दुसरी एक गोष्ट मला याहूनही जास्त खटकली. शाळेचा विषय निघाला, की मुलीसाठी चांगली शाळा, जादा शिकवणी असे आम्ही दोघेही बोलतो, आणि मुलाविषयी मात्र "आधी त्याची तब्येत राहू दे, शिक्षण झेपेल तेवढे" असे म्हणून विषय संपवतो. असे काही आम्ही दोघांनी कधी बसून ठरवलेले नाही. पण झाले आहे ते असे, की दवाखान्याचा पैसा आणि आमचा वेळ मुलाकडे जातो, आणि शिक्षणाच्या अपेक्षा व त्यासाठीचा पैसा मुलीकडे. दोघांपैकी नेमकी कोणाची आबाळ होते आहे, हेच मला कळेनासे झाले आहे. समान वाटप म्हणजे दोघांना सारखे देणे, की दोघे सारख्या ठिकाणी पोहोचतील असे देणे? या विषयाचा अभ्यास असलेल्या किंवा असा काळ घरात अनुभवलेल्या कोणीही कृपया सविस्तर लिहावे.

ताळेबंद यांचा प्रतिसाद

दुखणेकरी मुलाला औषधपाण्याचा मोठा वाटा आणि धडधाकट मुलाला शिक्षणाचा मोठा वाटा, ही आपण वर्णन केलेली विभागणी अनेक घरांत आढळते. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि कुटुंबांतर्गत वाटप हा माझ्या वाचनाचा विषय आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

गॅरी बेकर आणि नायजेल टोम्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली असा तर्क मांडला, की ज्या मुलाची उपजत क्षमता किंवा प्रकृती अधिक चांगली, त्याच्या शिक्षणावरचा खर्च अधिक फळतो. त्यामुळे आईवडील त्याच्या शिक्षणावर जास्त पैसा लावतील आणि मागे पडलेल्या मुलाची भरपाई पुढे रोख रकमेच्या किंवा मालमत्तेच्या रूपाने करतील. यावर १९८२ साली जेरे बेहरमन, रॉबर्ट पोलाक आणि पॉल टॉबमन यांनी दुसरी बाजू मांडली. त्यांच्या मते आईवडिलांना केवळ सर्व मुलांच्या कमाईच्या एकूण बेरजेची काळजी नसते, मुलांमधील तफावतही त्यांना सलते, आणि म्हणून ते कमकुवत मुलाला झुकते माप देऊ शकतात. पहिल्या वागणुकीला आपण बळकटी म्हणू आणि दुसरीला भरपाई. त्यानंतरच्या चार दशकांत वेगवेगळ्या देशांतील माहितीवरून कधी बळकटी दिसली, कधी भरपाई, आणि बराच काळ हा वाद कोणत्याच बाजूला कलला नाही.

तो का कलत नव्हता याचे एक पटणारे उत्तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाले. चीनमधील कुनमिंग येथील जुळ्या मुलांची माहिती त्यात तपासली होती आणि अभ्यासकांमध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन होते. जुळ्यांपैकी एकाला वयाच्या पहिल्या तीन वर्षांत गंभीर दुखणे झाले आणि दुसऱ्याला झाले नाही, अशा जोड्यांची त्यांनी तुलना केली. मुलांचे सरासरी वय तेव्हा अकरा होते. दुखणे काढलेल्या मुलाच्या आरोग्यावर आदल्या बारा महिन्यांत भावंडापेक्षा ३०५ युआन अधिक खर्च झाले होते, आणि त्याच्या शिक्षणावर १८२ युआन कमी. एकाच घरात, त्याच आईवडिलांच्या हातून, आरोग्यात भरपाई आणि शिक्षणात बळकटी एकाच वेळी चालू होती. सगळे खर्च एकत्र धरले तर कुटुंब तफावत कमी करण्याच्याच बाजूला होते. परंतु या वाटपाचा परिणाम दोन्हीकडे झाला. आरोग्यावरच्या जादा खर्चाने सुरुवातीच्या दुखण्याचे दुष्परिणाम निम्म्याने कमी केले, आणि शिक्षणावरच्या परिणामाची तीव्रता मात्र ३० टक्क्यांनी वाढली. इथिओपियातील माहितीवर आधारित एका जुन्या अभ्यासातही आरोग्यात भरपाई आणि शिक्षणात बळकटी असाच आकृतिबंध दिसला होता.

आपले घर मला या वर्णनात बसलेले दिसते, आणि म्हणून माझे पहिले मत असे आहे, की आबाळ दोघांचीही होते आहे, फक्त वेगवेगळ्या खात्यांत. मुलीच्या आरोग्याचे खाते रिकामे राहिले आणि मुलाच्या शिक्षणाचे खाते उघडण्याआधीच त्याची मर्यादा ठरून गेली. एकूण बेरीज केली तर वाटप न्याय्य वाटेल, आणि त्या बेरजेआड या दोन्ही उणिवा झाकल्या जातील. बेरीज न करता प्रत्येक खाते स्वतंत्र पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. बेकर आणि टोम्स यांच्या मांडणीतील "पुढे पैशाने भरपाई करू" हा भागही नीट तपासून पाहावा, कारण ती भरपाई ज्या कुटुंबाकडे पुढे शिल्लक असेल त्यालाच शक्य असते. ज्यांची शिल्लक पाच आठवड्यांत संपली, त्यांच्या घरात शिक्षणात कमी पडलेल्या मुलाला नंतर देण्यासारखे फारसे उरतेच असे नाही.

पैशाच्या ओढाताणीचा वाटपावर काय परिणाम होतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. बेहरमन यांनीच दक्षिण भारतातील ग्रामीण कुटुंबांमधील पोषणाचा अभ्यास केला, तेव्हा धान्य मुबलक असलेल्या हंगामात आईवडील मुलांमध्ये समतोल राखताना दिसले, आणि टंचाईच्या हंगामात मात्र तो समतोल ढळून वाटा सबळ मुलांकडे व त्यातही मुलग्यांकडे झुकला. समता हवी असणे आणि ती परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरातील वाटप आज जसे दिसते, त्यातले किती आपल्या इच्छेने झाले आणि किती त्या पाच आठवड्यांच्या खर्चाने लादले, हे वेगळे काढल्याशिवाय स्वतःला दोष देऊ नये.

वेळेबद्दल एक निरीक्षण फार कमी लोकांच्या लक्षात येते. जोसेफ प्राइस यांनी २००८ साली अमेरिकेतील वेळवापराच्या सर्वेक्षणावरून दाखवले, की पहिल्या मुलाला दुसऱ्या मुलाच्या तुलनेत, त्याच वयात, आईवडिलांचा दररोज २० ते ३० मिनिटे अधिक खरा सहवास मिळतो. गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की कोणत्याही एका दिवशी आईवडील आपला वेळ मुलांमध्ये जवळपास सारखाच वाटत होते. मुले मोठी होतात तसा एकूण सहवासच कमी होत जातो; म्हणून दहा वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलाला आज सारखा वेळ दिला, तरी धाकटा दहा वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या वाट्याला थोरल्याएवढा वेळ येत नाही. रोजच्या हिशेबात चोख असलेली समानता बालपणाच्या हिशेबात असमान ठरते. आपल्या घरात दुखण्यामुळे हे चित्र उलटे झाले असेल. तरीही आजचा दिवस आणि संपूर्ण बालपण, अशा दोन्ही मापांनी मोजावे, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

शुश्रूषा यांचा प्रतिसाद

अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांच्या पाठपुराव्याच्या विभागात मी बरीच वर्षे काम करते आहे. वरील प्रतिसाद मला पटला. मी फक्त दवाखान्याच्या बाजूने काही गोष्टी जोडते.

जन्मतः २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन हे कमी वजन आणि १,५०० ग्रॅमपेक्षा कमी हे अति कमी वजन मानले जाते. या १,५०० ग्रॅमच्या रेषेचाच आधार घेऊन चिली आणि नॉर्वे या दोन देशांतील बाळांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रेषेच्या किंचित खाली असलेल्या बाळांना जादा उपचार मिळाले आणि किंचित वर असलेल्यांना मिळाले नाहीत, एरवी दोन्ही गटांतील बाळे सारखीच होती. ज्यांना जादा उपचार मिळाले, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कमी राहिलेच, शिवाय शाळेतील गुणही वरचढ आले. तेव्हा त्या पाच आठवड्यांवर झालेला खर्च हा मुलीच्या वाट्यातून काढून घेतलेला पैसा होता, असे मनात आणू नये. तो खर्च त्या क्षणी टाळण्यासारखा नव्हता आणि त्याचा उपयोग केवळ जीव वाचण्यापुरता नव्हता.

परंतु त्या खर्चाची गती नंतर अनेक घरांत आपोआप चालू राहते, आणि इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत आपण दुरुस्त करून मोजतो, म्हणजे ते जितके आठवडे लवकर जन्मले तेवढे वजा करतो. त्यानंतर मूल आपापल्या वाढीच्या रेषेवर स्थिर चालत असेल, तर ती रेष सरासरीच्या खाली असली तरी नुसत्या वजनाच्या आकड्यामागे धावण्याचे कारण उरत नाही. चार वर्षांच्या, धावणाऱ्या आणि भरभरून बोलणाऱ्या मुलाच्या कोणत्या तपासण्या अजून खरोखर आवश्यक आहेत आणि कोणत्या केवळ सवयीने चालू आहेत, हा प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा. मी पाहिलेल्या कित्येक फायलींत शेवटची दोन वर्षे ही मुलाच्या गरजेपेक्षा आईवडिलांच्या धास्तीने भरलेली असतात. त्या धास्तीचे मूळ मला ठाऊक आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण तिची किंमत भावंडाच्या वाट्यातून जाते.

मुलाच्या शिक्षणाबद्दल "झेपेल तेवढे" हे शब्द मात्र कृपा करून घरातून काढून टाका. जमैकातील किंग्स्टन येथे १९८० च्या दशकात, नऊ ते चोवीस महिने वयाच्या, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक प्रयोग झाला होता. त्यांतील काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर जात, आणि मुलाशी बोलावे कसे, खेळावे कसे, हे आईला दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्या वाढ खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती आणि मुळात निरोगी असलेल्या मुलांच्या बरोबरीला आली होती. आपला मुलगा चार वर्षांचा आहे, त्या वयाच्या पुढे गेला आहे, हे मान्य. तरी सुरुवातीची कमजोरी म्हणजे बुद्धीची मर्यादा, हे समीकरण या प्रयोगाने पुरते खोटे ठरवले, आणि तेही महागड्या औषधांनी नव्हे तर बोलण्याखेळण्याने.

आणि आपल्या मुलीबद्दल. आमच्या विभागात बाळाला वजनकाट्यावर ठेवत असताना बाकावर एक मोठे भावंड बसलेले असते, दप्तर मांडीवर, पाय हलवत. काही वर्षांपूर्वी एका बाकावरच्या मुलाला मी सहज म्हणून उभे केले आणि त्याचेही वजन घेतले, तर ते सहा महिन्यांपूर्वी शाळेच्या तपासणीत नोंदवलेल्या वजनापेक्षा कमी भरले. त्या दिवसापासून मी सोबत आलेल्या प्रत्येक भावंडाची उंची, वजन आणि लसीकरणाचे कार्ड पाहते. त्याला दोन मिनिटे लागतात. आपणही धाकट्याच्या प्रत्येक भेटीला थोरलीचे कार्ड त्याच फाइलमध्ये ठेवा. राहिलेल्या बूस्टर डोसासाठी डॉक्टरांकडे जा. वय उलटून गेले म्हणून दरवेळी दार बंद होत नाही, उशिरा द्यायच्या लसींचे वेगळे वेळापत्रक असते.

पारंबी यांचा प्रतिसाद

मी त्या बाकावर बसणारा भाऊ होतो. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी दम्याचा तीव्र त्रास होता आणि आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट तिच्या श्वासाभोवती फिरत असे. मला कधी कपड्यालत्त्याची किंवा वह्यापुस्तकांची उणीव भासली नाही. मला उणीव भासली ती विचारपूस होण्याची. ताप आला तरी मी सांगत नसे, कारण घरात आजारी पडण्याची जागा आधीच भरलेली आहे असे मला वाटे. आपल्या मुलीचे "तुम्ही नुकतेच आलेले असायचात" हे वाक्य वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो.

दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी, की चष्म्याच्या प्रसंगानंतर तिला नवीन वस्तू घेऊन देण्याचा मोह होईल, तो आवरावा. माझ्या आईवडिलांनी तसे केले होते आणि मला त्यातून एवढेच कळले, की त्यांना वाईट वाटते आहे. मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आणखी गप्प राहू लागलो. दुसरी अशी, की वाटप असमान का आहे हे मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगितले, तर ते पुष्कळ सोसते. मी बारा वर्षांचा असताना वडिलांनी एकदा मला बहिणीच्या फुप्फुसांचा एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून दाखवला, आणि महिन्याचा किती पैसा कुठे जातो हे कागदावर लिहून समजावले. त्या कागदावर माझे नाव असलेली एक ओळही होती, लहान होती, पण होती. तो कागद मी कित्येक वर्षे वहीत जपून ठेवला होता.

पाणवठा यांचा प्रतिसाद

सर्व प्रतिसाद मन लावून वाचले. उंबरठाताई, एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही आणि तो आपल्याला दुखावण्यासाठी नाही. धाकटी मुलगी असती आणि थोरला मुलगा, तर मुलाला दोन वर्षे फळा दिसत नाही हे कोणाच्याच लक्षात आले नसते का? उत्तर "होय, तरीही आले नसते" असे असू शकते, आणि तसे असेल तर मला आनंदच आहे.

हे विचारण्याचे कारण असे, की मुलामुलींमधला फरक नेहमी मुद्दाम केलेला नसतो. अमर्त्य सेन यांनी १९९० साली जगात १० कोटींहून अधिक स्त्रिया "गहाळ" आहेत, म्हणजे पुरुषांइतकीच काळजी मिळाली असती तर त्या जिवंत असत्या, असा अंदाज मांडला, तेव्हा त्यामागे आरोग्य आणि पोषणातील उपेक्षेचा मोठा वाटा होता. ही उपेक्षा दरवेळी क्रूर नसते. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी २०११ साली भारतातील आकडेवारीवरून दाखवले, की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ स्तनपान मिळते, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मुलगी झाल्यावर आईवडील मुलाच्या इच्छेने पुढच्या बाळंतपणाकडे लवकर वळतात. त्या मुलीचे वाईट व्हावे असे घरात कोणालाही वाटत नाही. तिच्या वाट्याचे दूध मात्र लवकर थांबते. मोनिका दास गुप्ता यांनी १९८७ साली पंजाबमधील अभ्यासात असेही मांडले होते, की सगळ्याच मुलींची सारखी हेळसांड होत नाही. घरात आधी एक मुलगी असेल, तर नंतरच्या मुलीला ती अधिक सोसावी लागते. म्हणजे एका मुलीचे लाड होत असलेले घरही या प्रश्नातून सुटलेले नसते.

दुसरा मुद्दा पैसा कोणाच्या हातात येतो याचा. घर म्हणजे एकच मन आणि एकच खिसा, असे धरून चालण्याची पद्धत अर्थशास्त्रात पुष्कळ काळ होती. डंकन थॉमस यांनी १९९० साली ब्राझीलमधील माहितीवरून दाखवले, की आईच्या हाती येणाऱ्या, मजुरीव्यतिरिक्तच्या उत्पन्नाचा मुले जगण्याच्या शक्यतेवर होणारा परिणाम वडिलांच्या तशाच उत्पन्नाच्या जवळपास वीसपट होता. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीचा भत्ता वडिलांच्या करसवलतीऐवजी आईच्या हाती रोख पडू लागला, तेव्हा घरातील एकूण रक्कम फारशी न बदलताही मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. एस्थर डुफ्लो यांना दक्षिण आफ्रिकेत असे आढळले, की वृद्धत्वाचे निवृत्तिवेतन आजीला मिळाले तर नातींची वाढ सुधारते, आणि तेच आजोबांना मिळाले तर तसा परिणाम दिसत नाही. बायकाच काय त्या मायाळू, असा अर्थ मी यातून काढत नाही. निर्णय कोण घेतो यावरून वाटप बदलते, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या घरात मुलीच्या तपासण्या, तिची कार्डे, तिच्या शाळेच्या चिठ्ठ्या हे काम नक्की कोणाकडे होते? मुलगा जन्मल्यावर आपण त्याच्याकडे वळलात, तेव्हा ते काम दुसऱ्या कोणाकडे सोपवले गेले होते का?

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. पाणवठा, आपला प्रश्न मी यजमानांनाही वाचून दाखवला. आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. मग ते म्हणाले, की मुलगा असता तर शाळेतल्या गुणांची आपण इतकी ढिलाईने चौकशी केली नसती, आणि मला ते नाकारता आले नाही. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे, की ते काम कोणाकडेच सोपवले गेले नव्हते. मी ते करत होते, आणि मी सोडले तेव्हा ते हातात घ्यायचे आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही व त्यांनीही विचारले नाही. आता मुलीचे सगळे कागद त्यांच्याकडे आहेत. बूस्टरसाठी ते स्वतः तिला घेऊन गेले.

शुश्रूषाताई, आपण सांगितल्याप्रमाणे मुलाच्या डॉक्टरांना थेट विचारले. सध्याच्या पाचपैकी तीन भेटी बंद करायला त्यांची हरकत नाही, उरलेल्या दोन सहा महिन्यांच्या अंतराने ठेवाव्यात, असे त्यांनी सांगितले. त्यातून आठवड्याची एक दुपार मोकळी झाली आहे. ती कोणाला द्यायची यावर मी नेहमीप्रमाणे विचार करत बसले होते, तर मुलगीच म्हणाली, की भावाला अक्षरे ती शिकवेल, मी फक्त शेजारी बसावे.

एक प्रश्न अजून आहे. पारंबी यांनी लिहिलेला तो कागद आम्ही काल रात्री तयार केला; मुलीच्या नावाची ओळ त्यात आहे, आणि मुलाच्या नावापुढे औषधांच्या खाली शिक्षणाचीही एक ओळ आहे, जिच्यात आज लिहिण्यासारखी रक्कम नाही. ताळेबंद, ती ओळ कोरी ठेवून मुलीला दाखवावी, की आधी थोडी तरी रक्कम तिथे जमवून मग दाखवावी?

ताळेबंद

कोरी ठेवूनच दाखवा, आणि पुढच्या महिन्यात काही जमले तर तो आकडा तिलाच लिहू द्या.